पन्हळीतल्या अक्षता

देवावर तुझा विश्वास आहे का, असं त्या दिवसांत कुणी मला विचारलं असतं, तर मी म्हणालो असतो, आधी माझी ताडपत्री नीट सरकू दे, मग देवाचं बघू. लढाई संपून दोन वर्षं झाली होती. लष्करात तीन वर्षं ट्रक हाकून मी परत आलो आणि लष्करानंच विकायला काढलेला एक जुना ट्रक घेऊन सांगलीत भाड्यानं माल वाहू लागलो. ट्रक दणकट होता, पण मागचा हौदा उघडा. पाऊस आला की दोन माणसांनी मालावर चढायचं, ताडपत्री उलगडायची, चारी बाजूंनी दोऱ्या आवळायच्या. तोवर वरचा माल भिजून जायचा आणि व्यापाऱ्याच्या शिव्या मी खायच्या.

म्हणून मी डोकं चालवलं. हौद्याच्या दोन्ही फळ्यांवर लोखंडी पन्हळी बसवल्या. पाच कमानी वाकवून घेतल्या, त्यांच्या पायांना छोटी चाकं लावली, ती पन्हळींत सोडली आणि कमानींवर ताडपत्री दोरीनं ओवून घेतली. पुढून दोर ओढला की पेटीच्या भात्यासारखी ताडपत्री उलगडत पुढं यायची, मागं लोटली की गोळा होऊन बसायची. माणूस एक, काम एका ओढीचं. याला तीन महिने लागले. ट्रकतळावर मी ती सगळ्यांना इतक्यांदा उघडून-मिटून दाखवली की लोक मला बघून चहाची टपरी बदलू लागले.

आणि ती अडकायची! रोज नाही, पण नेमकी हवी तेव्हा. चाकांत पिवळट, चिकट असा राडा साठायचा. सांगलीची हळद वाहणारा माझा ट्रक, तेव्हा हळदीचा भुगा तेलात मिसळत असणार असं मी धरून चाललो. रोज सकाळी वाकून चाकांना तेल घालायचो, राडा पुसायचो आणि पन्हळी बनवणाऱ्या लोहाराचा उद्धार करायचो. त्या बिचाऱ्यानं दोनदा येऊन चाकं तपासली. दुसऱ्या खेपेला हात जोडून म्हणाला, "दादा, माझ्या कामात खोट न्हाई. तुमच्या गाडीलाच काय तरी झालंय." मी त्याला हाकलून दिलं.

घरी आईचं वेगळंच टुमणं. आमचं मूळ गाव औंधाकडचं, कुळाची देवी औंधाच्या डोंगरावरची यमाई. मी लढाईवरून आल्यापासून आई म्हणत होती, मला एकदा यमाईला घेऊन चल. मी म्हणायचो, जाऊ की. मग हळदीचा हंगाम निघायचा, गुळाचा निघायचा, नाहीतर ताडपत्री अडकायची. दोन वर्षांत तिचे गुडघे इतके सुजले की उंबरा ओलांडताना ती चौकट धरायची. तरी टुमणं सुटलं नाही. मला राग यायचा. देवी काय सांगलीत नाही? एवढी देवळं आहेत इथं, जा की कुठंही, असं मी एकदा तोंडावर बोललो. ती भाकरी थापत राहिली.

उन्हाळ्यात मला साताऱ्याचं एक भाडं मिळालं. बांधकामासाठी कळीचा चुना न्यायचा होता, म्हणजे भट्टीत भाजलेल्या चुनखडीचे सुके खडे. पाणी लागलं की ते सणसणतात, फुगतात, तापतात, आणि जास्त भिजले तर लाकडाला आग लावतात. हे मला ठाऊक होतं. पण आभाळ निरभ्र होतं आणि वाट औंधावरूनच जाणारी होती. एका फेऱ्यात दोन्ही कामं उरकतील, आईचं टुमणंही एकदाचं संपेल, असा माझा हिशेब. नेहमीचा क्लीनर गावच्या लग्नाला गेला होता. मी एकट्यानंच निघायचं ठरवलं.

आईला गाडीत चढवायला शेजारच्या दोघांची मदत घ्यावी लागली. एकानं वरून ओढलं, एकानं खालून आधार दिला, आणि ती "आई गं, यमाबाई गं" करत एकदाची सीटवर टेकली. तिच्या सीटखाली पेट्रोलची टाकी, पाठीमागं फळी आणि फळीमागं चुना. चुना भट्टीतून नुकता निघालेला, अजून उबदार. म्हणून ताडपत्री मी मागं गोळा करून ठेवली. लागली तर एका ओढीत येईल, ही घमेंड होतीच.

तासगाव गेलं, विटा गेलं. मायणी ओलांडून आम्ही माळाला लागलो आणि वडूज अजून लांब असताना एकाएकी वारा पडला. पश्चिमेकडून काळाकुट्ट ढग चढून आला. वळवाचा पाऊस होता तो, विचार करायलाही वेळ देत नाही. मी गाडी थांबवली, उतरलो, दोर धरला आणि ओढला.

ताडपत्री हलली नाही.

पुन्हा ओढला. पाय फळीला लावून, दात-ओठ खाऊन ओढला. पहिली कमान वीतभर आली आणि रुतून बसली. मी मागं धावलो, वर चढलो आणि चाकांशी वाकून पाहिलं. पन्हळीत तांदूळ! हळद-कुंकू लावलेले तांदूळ, झेंडूच्या पाकळ्या, आणि उन्हानं वितळून पुन्हा घट्ट झालेला गूळ. सगळ्याची मिळून अशी चिक्की झाली होती की चाकं दिसतसुद्धा नव्हती. दोन्हीकडच्या पन्हळींत तेच.

"आये!" मी वरूनच ओरडलो. "हे काय केलंयस तू?"

तिनं खिडकीतून मान बाहेर काढली. "काय झालं रं?"

"चाकात तांदूळ कुणी घातलं?"

"पूजा केली की. देवीला निघायचं म्हणून आज अक्षता, फुलं आन गूळबी ठेवला."

"आजच?"

"न्हाई, दर मंगळवारी करती. खालनंच हात वर करून हळद-कुंकू वाहती. तू रोज सकाळी उठून तितंच वाकतुयास, तेल घालतुयास. मला वाटलं, गाडीचा देव तितंच असतुया."

मी कपाळावर हात मारून घेतला. त्या क्षणी मला रडावं की हसावं कळेना. माझ्या पिवळट राड्याचा उलगडा झाला होता आणि त्याच वेळी रुपयाएवढे थेंब पडायला लागले होते. मी उडी मारून पुढं आलो. "आये, खाली उतर. चुना भिजला तर पेट घेईल."

"चुना पेटतुया व्हय? खुळा का काय! पानाला लावतो की आपण."

"आये, हात जोडतो, उतर."

"गुडघं काम देत न्हाईत. आन वल्ल्या लुगड्यानं देवीपुढं जाऊ काय?"

मी तिच्या काखेत हात घालून पाहिलं. ती कळवळली आणि तिनं सीटची कड घट्ट धरली. माझ्या एकट्याच्यानं ती हलेना. मग मला वाटलं, चाकं मोकळी केली तर सगळंच सुटेल. मी पाना घेतला, वर चढलो आणि गूळ ठोकून काढू लागलो. मागच्या कोपऱ्यात खडे सणसणले. सापानं फूत्कारावं तसा आवाज यायला लागला आणि पांढरी वाफ निघाली. मी ठोकतोय, बोटं सोलतायत, चाक तसूभरही हलत नाही. शेवटी मी पाना रस्त्यावर भिरकावला आणि आभाळाकडं बघून जे मनात आलं ते बोललो. "यमाबाई, तुझ्याकडंच निघालो होतो ना आम्ही? तुझ्याच पूजेनं हे झालं! माझ्यानं आता होत न्हाई. तुझं तू बघ!" ही काही प्रार्थना नव्हती. ते भांडण होतं. पण "माझ्यानं होत नाही" हे शब्द मी उभ्या जन्मात पहिल्यांदा उच्चारले होते.

"कुणाला बोलतुयास रं?"

खाली एक बाई उभी होती. पन्नाशीची असेल, डोक्यावर गोणपाटाची खोळ, हातात विळा, मिश्रीनं काळे पडलेले दात. ती कुठून आली ते मी पाहिलं नव्हतं.

"मावशी, लांब हो. चुना तापलाय. आई आत अडकलीय."

"आन आई आत असताना तू वर काय ठोकतुयास?"

"ही ताडपत्री पुढं आली की—"

"दोऱ्या काप की तिच्या. काढ कमानीवरनं आन टाक पसरून."

"मावशी, हे करायला मला तीन महिने लागलेत!"

तिनं एकदा खिडकीत आईकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. "आन तुला करायला हिला नऊ लागलं."

मी खाली उतरलो. ती दाराशी पाठ करून वाकली आणि म्हणाली, "आक्का, गळ्यात हात टाका माझ्या." मी पलीकडच्या दारानं आत चढून आईला पुढं सरकवलं, बाईनं तिला पाठीवर घेतलं. माझ्याकडून न हलणारी आई त्या बाईच्या पाठीवर लहान पोरीसारखी बसली. पन्नासेक पावलं लांब, रस्त्याकडेच्या चरात तिला टेकवून बाईनं आपली खोळ तिच्या डोक्यावर घातली आणि विळा घेऊन परत आली.

पुढचं सगळं दहा मिनिटांत झालं असेल. एका बाजूच्या दोऱ्या ती कापत होती, एका बाजूच्या मी. प्रत्येक दोरी कापताना मी तिला लागलेले दिवस मोजत होतो, खोटं कशाला बोलू. ताडपत्री सुटी झाली तशी आम्ही दोघांनी दोन टोकं धरून ती चुन्यावर पसरली. पूर्वी सगळे पसरायचे तशीच, आणि मी ज्या पद्धतीला हसायचो तशीच. मागचे भिजलेले खडे मी फावड्यानं खाली लोटले. रस्त्याकडेच्या डबक्यात पडून ते असे उसळले की मी दोन पावलं मागं सरलो. मागच्या फळीचा कोपरा काळा पडला होता. तेवढ्यावर निभावलं. वळवाचा पाऊस जसा आला तसा गेला.

माझ्या हातांची साल निघाली होती. आईनं आपल्याजवळचं देवीच्या दिव्याचं तेल त्यावर ओतलं. बाईला आम्ही शिदोरीतल्या दोन भाकरी आणि पिठलं दिलं. तिनं तिथंच उभ्यानं खाल्लं, पिठल्यात मीठ कमी आहे असं सांगितलं आणि म्हणाली, "मी हिकडं कवा येत न्हाई. आज म्हस दावं तोडून पळाली, तिच्या मागं आले. घावली तर बरं." आणि ओढ्याच्या अंगानं निघून गेली.

गाडी सुरू केली तशी आई म्हणाली, "बघितलंस? यमाई आली."

माझं डोकं पुन्हा तापलं. "आये, यमाई मिश्री लावती काय? तिची म्हस पळाली म्हणून आली ती."

"बरं. म्हस कुणी सोडली?"

मी गाडी हाकली. पुढं कितीतरी वेळा त्या वाटेनं गेलो, चौकशी केली. म्हशी सगळ्यांच्याच पळतात, गवत कापणाऱ्या बायाही सगळ्याच, कुणाला काय सांगणार? ती बाई भेटली नाही. ती माणूस होती याबद्दल मला शंका नाही. आईला होती. आमचा वाद तिच्या अखेरपर्यंत मिटला नाही आणि आईच्या त्या एका प्रश्नाला मला आजवर उत्तर सापडलेलं नाही.

दिवस मावळायच्या आत औंध आलं. गाडी डोंगराखाली लावली. आईला पायऱ्या चढणं शक्यच नव्हतं, म्हणून मी तिला पाठीवर घेतलं. त्या बाईनं घेतलं तसंच. हात भाजत होते आणि आई पाठीवरून सांगत होती, "हळू रं, हळू, पडशील." दर दहा पायऱ्यांवर मी मनातल्या मनात चिडत होतो. एवढ्या उंचावर जाऊन बसायची काय गरज होती हिला?

गाभाऱ्यापुढं तिला उतरवलं. ती खांब धरून उभी राहिली. ओटी भरली, नारळ दिला. मला वाटलं आता गुडघे बरे कर म्हणून मागेल. तिनं माझा दंड धरून मला पुढं ओढलं आणि घरातल्या कुणाशी बोलावं तशी देवीशी बोलली.

"तीन वर्सं रोज तुझ्याकडं मागत हुते. तू दिलास. हा बघ, आणलाय. मोजून घे, हात-पाय समदं जाग्यावर हाय."

लढाईच्या त्या तीन वर्षांत माझ्या पुढचा ट्रक उडाला, मागचा उडाला, माझा राहिला. ते मी माझ्या हुशारीच्या खाती घातलं होतं. तिनं ते रोज या देवीकडून मागून घेतलं होतं. आईला मी यमाईकडं आणतोय असं समजून सबंध वाट कुरकुरत आलो होतो. ती मला आणत होती, सुजल्या गुडघ्यांनी, दोन वर्षं थांबून.

सरकती ताडपत्री मी पुन्हा बनवली नाही, असं सांगितलं तर गोष्ट शोभून दिसेल. पण बनवली. डोकं शांत बसत नाही माझं, आणि देवीनं ते दिलंय ते वापरायलाच, असं आई म्हणायची. फक्त अडकली की आता जीव तोडत बसत नाही. ओढायचं तेवढं ओढतो, मग विळा काढतो. आपल्या हातचं कुठं संपतं ते मला त्या माळावर कळलं. फार उशिरा कळलं, पण आई हाताशी असताना कळलं, ही यमाईचीच कृपा.

त्या संध्याकाळी देवीपुढं मी कान धरले, डोकं पायरीवर टेकवलं. रडू आवरेना. तोंडातून एवढंच निघालं, "आलो गं बाई. माफ कर, उशीर झाला."