शेजारच्या शेताचं भाडं

जगन्नाथने सातबारा माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "तू लिवशील तो भाडा कंपनीला मंजूर हाय. मना पण मंजूर हाय. आता तू बघ."

मी पनवेलमध्ये व्हॅल्युअर आहे. जमीन, घर, गोडाऊन यांची किंमत किंवा भाडं किती असावं, हे लेखी सांगणं हा माझा धंदा. जगन्नाथ माझा शाळेपासूनचा मित्र. गव्हाणच्या पुढे आमचं गाव. त्याच्या शेताला लागून आमचं शेत होतं, मधे एकच बांध. मी इंजिनिअरिंगला गेलो त्या वर्षी वडिलांनी ते विकलं, माझ्या फीसाठी. जगन्नाथच्या वडिलांनी विकलं नाही. दहावीनंतर त्यांनी मुलालाच भातशेतीत उतरवलं.

आता एका लॉजिस्टिक्स कंपनीला त्याच्या शेतावर कंटेनर यार्ड करायचं होतं. विकत नको, एकोणतीस वर्षांच्या लीजवर. म्हणजे जमीन जगन्नाथच्याच नावावर राहणार आणि दर महिन्याला भाडं येत राहणार.

साइट व्हिजिटला गेलो. आमच्या शेतावर केव्हाच काँक्रीट पडलंय, त्यावर ट्रेलर उभे असतात. जगन्नाथ चपला हातात घेऊन बांधावरून चालत होता. "बा मरेस्तवर बोलायचा, विकू नको. तवा मना त्याचा राग यायचा," तो सहज म्हणाला. मी टेपचं दुसरं टोक धरून उभा होतो. त्या दिवशी घरी जाऊन मी बायकोशी धड बोललो नाही.

अशा कामात आधी मागचा इतिहास काढावा लागतो. आमच्याकडे शेत दुसऱ्याला कसायला दिलं की मालकाला खंड मिळतो. वडिलांच्या लहानपणी तो भाताच्या रूपात मिळे, पुढे रोख झाला. जमिनीची किंमत चढत गेली, रोख खंड मात्र जवळपास तिथेच राहिला. कारण खंड ठरतो भातातून काय सुटतं त्यावर, आणि किंमत ठरते पुढे तिथे काय होणार यावर. रस्ते रुंद झाले, बंदराजवळच्या द्रोणागिरीची गोडाउनं इकडे सरकत आली, किंमत कुठल्या कुठे गेली. भातासाठी शेत मागणारं कोणी उरलंच नाही. यार्डवाले आले, तेव्हा कुठे भाडं किमतीच्या मागे धावायला लागलं. तेही अलीकडेच.

म्हणून तुलनेला कुठले व्यवहार घेता, यावर सगळं ठरतं. त्यांना आम्ही कंपॅरेबल्स म्हणतो. माझ्याकडे आसपासच्या सात लीज होत्या. चार जुन्या, तीन ताज्या. ताज्यांचं भाडं पुष्कळच जास्त. ताज्यांना जास्त वजन द्यायचं, हे शिकाऊ माणसालाही कळतं. मी जुन्या चार घेतल्या. ताज्या तीन 'अपवादात्मक' असा शेरा मारून बाजूला ठेवल्या. काय करतोय ते मला कळत होतं. याने आयुष्यात केलं काय, एवढंच डोक्यात होतं. नुसता बापाचं ऐकून बसून राहिला.

ड्राफ्ट दोघांना पाठवला. तासाभरात कंपनीच्या मॅनेजरचा फोन.

"सर, एकदम फेअर रिपोर्ट. खरं सांगू? आमचं बजेट याच्यापेक्षा बरंच वर होतं. तुमच्यासारखा माणूस आमच्या व्हॅल्युअरच्या पॅनेलवर हवा."

मी थँक यू म्हणालो. फोन ठेवल्यावर त्याचा खूश आवाज कानातून जाईना.

दुसऱ्या दिवशी जगन्नाथ आला. हातात तांदळाची पिशवी. "शेवटचा भात हाय त्या शेताचा. वैनीला दे. परवा सही करतो."

"रिपोर्ट वाचलास?"

"इंग्रजी हाय तो. तू लिवलंस म्हंजे बरोबरच असणार."

पिशवी टेबलावर कागदांच्या मधे होती. मी म्हणालो, "सही करू नकोस. भाडं कमी लिहिलंय मी."

"चुकला काय?"

"चुकलं नाही. मुद्दाम लिहिलं."

तो खुर्चीत मागे सरकला. "कंपनीनं पैसं दिलं तुला?"

"नाही."

"मग?"

"तुझा हेवा वाटला."

मग तो हळू आवाजात बोलला. "तू अकरावी-बारावीला कॉलेजला जायचास तवा मी चिखलात उभा राहून तुजी एसटी बघायचो. मना पण वाटायचा हेवा. पण तुमच्या शेतातली एक पेंढी नाय उचलली मी."

तो उठून गेला. पिशवी तशीच राहिली. ती परत न्यावी असंही त्याला वाटलं नसेल.

मी त्याच दिवशी दोघांनाही लेखी कळवलं की रिपोर्ट मागे घेतोय, दुसरा व्हॅल्युअर नेमावा. कारण 'तुलनेतील त्रुटी' असं लिहिलं. ठाण्याच्या एका व्हॅल्युअरने काम केलं. त्याचं भाडं माझ्यापेक्षा खूप वर निघालं. कंपनीने कुरकुर न करता सही केली. पॅनेलचा विषय पुन्हा निघाला नाही.

यार्डाच्या पूजेची पत्रिका घरी आली, फोन नाही आला. मी गेलो. जगन्नाथने स्वतः वाढलं, आपल्या नातीच्या शाळेबद्दल बोलला. रिपोर्टबद्दल एक शब्द नाही.

आमच्या प्रत्येक रिपोर्टच्या शेवटी एक छापील ओळ असते. या मालमत्तेत माझा कोणताही हितसंबंध नाही. त्या ड्राफ्टवरही ती होती, खाली माझी सही होती. हितसंबंध म्हणजे पैसा किंवा नातं, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

त्या रस्त्याने जाताना अजूनही पोटात दुखतं. गावचं काम आलं की मी ठाणेवाल्याचा नंबर देतो. कोणी कारण विचारलं तर हातात कामं खूप आहेत म्हणतो.