पालीनं व्हय म्हटलं

लेक माझी सा म्हैन्यांची आन मी अठराची. भवानी पेठेत आमची एक खोली. मालक गिरणीत गेले की घरात आमी दोघीच. माझी शाळा तिसरीपतुर, पण पालीची भाषा मला पक्की येत व्हती, आईनं शिकवलेली. पाल भितीवरनं माणसाचं ऐकती. ती चुकचुकली की समजायचं, खरं खरं म्हणती. मग बोललेलं व्हणारच.

त्या दिवशी पोर सकाळधरनं रडत व्हती. दूध घेईना, पाळण्यात ऱ्हाईना. मी वैतागून म्हणले, "गप बस, न्हायतर बोहारणीला देऊन भांडं घेईन!"

वर पाल चुकचुकली.

मी पोरीला झटदिशी उचललं. अशा वक्ताला भुईवर तीनदा बोट टकटकून किष्न किष्न म्हणायचं असतंय, पण दोन्ही हातांत पोर! तिला खाली ठिवून टकटक केली, तवर उशीर झाला का काय, देव जाणे. तेवढ्यात गल्लीत हाळी आली, "जुन्या कापडावर भांडीऽऽ!"

पोरीला पदरात गुंडाळलं आन मागच्या दारानं शेजारच्या अक्काकडं पळाले. अक्का तेलुगू, घरात माग, त्यावरच बसलेल्या.

"अक्का, पोरीला बोहारणीला देते म्हणले आन पालीनं व्हय म्हटलं वो!"

अक्कांनी माग थांबवला. "खुळी का काय! ती पाल आमच्याच मागावर लहानाची मोठी झाली. तिला तेलुगूच येतंय. तुझं मराठी काय कळणार?"

"मग व्हय कशाला म्हणली?"

"तू न्हाय का, मी तेलुगूत बोलले की नुसती मान हलवतीस?"

आन हसत हसत त्यांनी बोहारणीलाच दारात बोलावलं, सगळं सांगितलं. मी पोरीला छातीशी घट्ट धरलेलं. बोहारणीनं टोपली उतरवली, पोरीला निरखलं.

"लई रडती की. हिच्यावर वाटी बी जमणार न्हाय. चमचा देते."

"चमचा?" माझी भीती कुटं गेली कुणास ठाऊक. "सोन्यासारखी लेक माझी! घागरीच्या खाली बोलूच नका!"

पाल चुकचुकली.

बोहारणीनं वर बघितलं, टोपली डोक्यावर घेतली. "न्हाय गं बाय, माझ्या घरात सहा हायती, सातवी कुटं निऊ!" म्हणत तरातरा गल्लीच्या टोकाला गेली बी.

मी पोरीला खाली ठिवून बोट टेकवाय वाकले, तर अक्कांचं बोट आधीच भुईवर टकटकत व्हतं.