एका थाळीवर एक थाळी

खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाल्यावर श्रीधर पेंडसे यांनी बचतीला पूर्ण वेळ वाहून घेतलं. पेपर आला की आधी कात्री फिरायची, बातम्या नंतर. त्यामुळे मंदाकिनीबाईंना देशाचं राजकारण कायम भोकं चुकवत वाचावं लागे. सवलतीत मिळतंय म्हणून या टक्कल पडलेल्या गृहस्थांनी शाम्पूच्या सहा बाटल्या आणल्या होत्या, आणि मांजर नसताना मांजराचं खाणंही.

लग्नाला चाळीस वर्षं झाली तेव्हा बाईंनी बाहेर जेवायची इच्छा बोलून दाखवली. श्रीधररावांनी नकार दिला नाही. चांगलं कुपन येऊ दे, म्हणाले. ते साडेचार महिन्यांनी आलं. वाघोलीच्या एका नव्या हॉटेलात एका थाळीवर एक थाळी फुकट. फक्त मंगळवारी, दुपारी दोनपर्यंत.

मंगळवारी बाईंनी ठेवणीतली साडी नेसली. ऊन फार होतं, रिक्षा करू या, असं त्यांनी सुचवलं. रिक्षाला पैसे मोजले तर फुकटची थाळी फुकट राहत नाही, हे श्रीधररावांनी त्यांना बसस्टॉपवर उभं राहून नीट समजावलं. पहिली बस भरून गेली. दुसरी नगर रस्त्यावर अडकली. दोघं हॉटेलात शिरले तेव्हा दोन वाजून अकरा मिनिटं झाली होती.

मॅनेजरने कुपन नम्रपणे परत केलं. श्रीधररावांनी बसला दोष दिला, मग हॉटेलच्या घड्याळाला. कशाचाच उपयोग होईना, तेव्हा ते बायकोकडे वळले.

"चल, घरी जाऊन पिठलं टाकू."

मंदाकिनीबाई तोवर टेबलाशी बसल्या होत्या.

"अहो, चाळीस वर्षं सवलतीत संसार केला. आज पूर्ण किमतीत जेवते," त्या म्हणाल्या आणि स्वतःच्या पर्समधून पैसे काढून त्यांनी दोन थाळ्या मागवल्या.

श्रीधरराव तोंड पाडून बसले. पण पैसे गेलेच आहेत म्हटल्यावर त्यांनी ते वसूल करायला घेतले. बासुंदीच्या पाचव्या वाटीला वाढपी मॅनेजरला विचारून आला. बाई मात्र सावकाश जेवल्या. न मागता कुणीतरी आपल्याला वाढतंय, हेच त्यांना सगळ्यात गोड लागलं.

परतताना त्यांनी हात करून रिक्षा थांबवली. वाद घालण्याइतकी जागा श्रीधररावांच्या पोटात उरली नव्हती.

दोन दिवसांनी मंडईत कारखान्यातले जुने सहकारी बद्रीनाथ भेटले. श्रीधररावांनी त्यांना थाळीचं साग्रसंगीत वर्णन ऐकवलं, वर एक थाळी फुकट पडली हेही सांगितलं. मंदाकिनीबाई शेजारीच होत्या. त्यांनी ते खोडून काढलं नाही. भाव न करता मेथीची जुडी घेतली आणि पुढे निघाल्या.