पालखीची वाट

महाशिवरात्रीला आमच्या गावची पालखी समुद्रस्नानाला जाते आणि आम्ही दिवसभर तिच्यासोबत चालतो. यंदा शेवटच्या उतारावर वाट तारेच्या कुंपणाने अडवलेली होती. जागा कुणीतरी विकत घेतली होती. रखवालदार म्हणाला, "डांबरी रस्त्याने वळसा घाला." वळसा तीन किलोमीटरचा.

आमच्यातल्या सत्तरीच्या मावशी पुढे झाल्या. "देवान कदी वळसो घालूक नाय, रे झिला."

"मावशे, माझी नोकरी जायत."

"मगे तू दर्याकडे बघ. आमका बघूक नाय म्हणान सांग."

मी रिकाम्या रस्त्यावरही लाल दिवा पाळणारा माणूस. पण जमिनीला सातबारा असतो, पायवाटेला नसतो. माणसं तिच्यावरून चालतात, एवढाच तिचा पुरावा. एक वर्ष जरी आम्ही वळसा घातला असता, तरी तो पुरावा आम्हीच पुसला असता. मी खालची तार पायाने दाबली आणि वरची उचलून धरली. पालखी हातोहात तारेवरून गेली, माणसं वाकून मधून गेली.

"फुडल्या वर्षी भिंत घालतले," रखवालदार पाठमोराच म्हणाला.

"घालूंदेत," मावशी म्हणाल्या. "आमी शिडी घेऊन येतंव."