चौदा पॉइंट आठ

बंदरावर त्यांना सगळे टेपमास्तर म्हणत. मासेमारीच्या बोटी मोजून टनेजचा दाखला द्यायचा, हे त्यांचं काम. "काय मास्तर, बोटीचं वजन करायला आलात?" असं कुणी विचारलं की त्यांचं डोकं सटकायचं. "वजन नाही हो, बोटीच्या पोटातली बंदिस्त जागा!" एकोणतीस वर्षं त्यांनी घसा कोरडा केला, पण कुणी लक्षात ठेवेल तर शपथ.

आकडा मात्र सगळ्यांच्या लक्षात असे. पंधरा टनांपासून पुढच्या बोटीला जीवरक्षक तराफा सक्तीचा, आणि किनाऱ्याजवळ जाळं टाकायची बंदी. म्हणून मोजणीच्या दिवशी मालक मंडळी एखाद्या केबिनचं दार काढून घरी ठेवत. बाजू उघडी असली की ती जागा मापात धरत नसत. दुसऱ्या दिवशी दार परत जागेवर! मास्तर ही चलाखी लांबूनच ओळखत आणि मालकाची चांगली खरडपट्टी काढत.

एकदाच त्यांनी काणाडोळा केला. बोट थोरल्या बहिणीच्या नवऱ्याची होती. मागच्या केबिनला दार नव्हतं, पण चौकटीवर बिजागरीच्या स्क्रूंची ताजी भोकं होती. आत इंजिनवाल्याचं अंथरूण गुंडाळून ठेवलेलं. दाजी नुसते हसले. मास्तरांनी टेप गुंडाळला आणि वहीत लिहिलं, चौदा पॉइंट आठ.

त्या हिवाळ्यात बोट उलटली. तराफा नव्हताच. दाजी एका फळीला धरून वाचले, इंजिनवाला वाचला नाही.

तेव्हापासून मास्तरांना घास गोड लागेना. "तू कशाला जीव जाळतोस? चूक यांची आहे," बहीण म्हणायची, आणि ते आणखीच खजील व्हायचे.

चौकशीच्या दिवशी दाजी साहेबांसमोर उभे राहिले. "दार मी मागाहून बसवलं. मास्तरांना काही ठाऊक नव्हतं," ते म्हणाले. निवृत्तीला चार महिने उरलेल्या मेव्हण्याला ते वाचवत होते. बहिणीनं डोळ्यांनीच खुणावलं, गप्प बस. मास्तर खाली मान घालून बसले. मग त्यांना स्वतःचीच किळस आली.

"मला ठाऊक होतं," ते उठून म्हणाले. "भोकं मी पाहिली होती. बोट पंधरा पॉइंट तीनची होती."

बहिणीनं तोंडाला पदर लावला. पहिल्या बाकावर इंजिनवाल्याची बायको बसली होती. तिनं मास्तरांकडे मान वळवली.

"म्हणजे अर्ध्या टनाचा फरक. अर्धा टन म्हणजे किती वजन हो, मास्तर?"

या वेळी त्यांचं डोकं सटकलं नाही.

"वजन नसतं ते, वहिनी. जागा असते."

"किती जागा?"

मास्तरांनी उगाच खिशातला टेप चाचपला.

"एक माणूस आडवा होईल एवढी."