तारखेच्या दिवशी फिलूमावशी

तारखेच्या दिवशी फिलूमावशी केसांत अबोलीचा वळेसर माळून येत. बाल न्याय मंडळासमोर मुलीला नेणाऱ्या पोलिसाने साध्या वेशात असावं, एवढंच नियम सांगतो. मावशींचा साधा वेश मात्र लग्नघरचा असे. "लोकांनी बघूचा तर माझ्याकडे बघूचा, चेडवाकडे नाय," असं त्यांचं म्हणणं.

मानसशास्त्राची पदवी घेऊन मी मुलींच्या निरीक्षणगृहात समुपदेशक म्हणून रुजू झाले, तेव्हा या प्रवासांची निर्दोष पद्धत बांधण्याची मला घाई होती. मावशींच्या सोबत फिरणं हा त्यातला पहिला टप्पा.

एकदा दोडामार्गाकडच्या एका मुलीची ओरोसला तारीख होती. तिच्यावरच्या चोरीच्या आरोपाची गावात कुणाला कल्पना नव्हती. पोर गोव्याला सख्ख्या मावशीकडे शिकते, असं आईने सांगितलं होतं. ते उघडं पडलं असतं, तर सुटल्यावरही तिला गावातल्या शाळेत पुन्हा पाऊल ठेवणं कठीण होतं. आम्ही तिघी एसटीत बसलो होतो आणि वाटेत नेमकी तिची शेजारीण चढली.

"गो, तू हंय खंय? तुझी आवस तर सांगी होती, तू गोयात आसस म्हणान!"

मुलगी पांढरीफटक पडली. मावशी सरकून जागा करत म्हणाल्या, "तिच्या मावशीच्या शेजारची मी. डोळे दाखवूक ओरोसाक नेतंय. फळ्यावरचा दिसना नाय तिका."

"बरा झाला! माझेव डोळे दुखतत. चला, वांगडाच जावया!"

एक खोटं झाकायला आता दुसरं लागणार, असा माझा हिशेब. मावशींनी पहिलंच खरं केलं. त्या सरळ दवाखान्यात गेल्या आणि मुलीचे डोळे तपासून घेतले. शेजारणीच्या डोळ्यांत औषध पडलं, तसं त्यांनी तिला बजावलं, "मिटून बस हां, उघडलंस तर औषध फुकट!" आणि तिला तिथेच बसवून आम्ही तिघी निघालो.

मंडळात पोहोचायला अर्थातच उशीर झाला. व्हरांड्यात इतर प्रकरणांतले नातेवाईक बसले होते. त्यांच्यादेखत वरिष्ठांनी मावशींना फैलावर घेतलं. "चूक झाली, साहेब," एवढंच त्या म्हणाल्या. कारण सांगितलं ते आत, दार लागल्यावर. बाहेरच का नाही सांगितलं, असं मी चिडून विचारलं.

"भिंतींक कान नसतत गो. बाकड्यार बसल्ल्यांक आसतत."

पुढे ती मुलगी निर्दोष सुटली. निघताना मावशींना बिलगली. तिच्या पाठीवरून हात फिरवत मावशींनी सांगितलं, ते त्या प्रत्येकीलाच सांगत: "आता बाजारात, जत्रेत खंय मी दिसलंय, तर माका वळख दाखवू नको."

गेल्या वर्षी मावशी गेल्या. चर्चचं अंगण माणसांनी भरलं होतं. शवपेटी उचलली जाईपर्यंत मी त्या गर्दीत मुलींचे चेहरे शोधत राहिले. त्यांनी नेलेल्यांपैकी एकही आली नव्हती. मावशींचं सगळ्यांनी ऐकलं होतं.