लाल पिलांचा कोपरा

जागा मीच त्याले दाखवली, हेच मले खाऊन राह्यलं.

कारंज्याकडच्या आमच्या तलावात मी कयाक घेऊन फिरतो. एकट्याची लांबोडी प्लास्टिकची होडी, दोन्ही टोकाले पातं असलेलं वल्हं, अन् हातात मासोळी धरायचा रॉड. गांडूळ नाही, कणीक नाही. दोरीले गळ लावलेला रबरी बेडूक बांधायचा, शेवाळावर फेकायचा अन् टुणूक टुणूक ओढायचा. मरळ मासोळी त्याच्यावर अशी झडप घालते का बाप्पा, मनगटापर्यंत झटका येते! पहिल्यांदा पाहून गावातले लोक हसले. "अबे, लेकराचं खेळणं टाकून मासोळी धरून राह्यला का?" हसला नाही तो एकटाच. वावराच्या धुऱ्याले धुरा लागलेला माहा शेजारी, शाळेपासूनचा सोबती. वांगी तोडून झाली का तो माह्या मागं तलावावर येई. बेडूक फेकणं त्याले मीच शिकवलं. माही कयाक तो घरची असल्यासारखी नेई, अन् मले त्याचं बरंच वाटे.

माहा नेम एकच. मरळ पिलं सांभाळत असली का तिच्यावर बेडूक टाकायचा नाही. पिलं लाल असतात, चिमुकली. पाण्यावर कुंकू सांडावं तसा त्यायचा घोळका फिरते अन् मरळ खाली राहून राखण करते. त्या वक्ताले तिले भूक नसते. बेडूक पिलांवर आला, असं समजून ती त्याले हाकलाले तोंड मारते अन् अडकते. यात कोणती मर्दुमकी? माय गेली का बाकीच्या मासोळ्या पिलायचा फडशा पाडतात.

यंदा बुडालेल्या बाभळीच्या कोपऱ्यात असा घोळका दिसला. शेजाऱ्याचा चुकून बेडूक पडू नये म्हणून मी मुद्दाम त्याले तलावाच्या पाळीवर नेलं. "हे पाय, इथं टाकायचं नाही. पिलं मोठी होऊन पांगली का मंग तुले मोकळं."

"तुह्या गळ्याची शप्पत, भाऊ. मी कायले टाकीन?"

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी कर. श्रावणभर बंद असलेला मटण-मासोळीचा रस्सा त्या दिवशी घरोघरी शिजते. हा दुपारी डब्बा घेऊन हजर. "वहिनी, गरम करून वाढा. भाऊले मरळ आवडते ना, म्हणून आणली." मी बोटं चाटून खाल्ली. कुठं लागली, म्हणून इचारलं तं म्हणे, "सांडव्याजवळ." जराही अडखळला नाही. "हात सुधारला बे तुहा," मी म्हटलं. शाबासकी दिली मी त्याले! वरून आणखी वाटीभर रस्सा मागितला.

सकाळी गावच्या ग्रुपवर त्याचा व्हिडिओ आला. बुडालेली बाभूळ, माही कयाक, मी शिकवलेला हात. पाण्यावर लालभडक घोळका अन् बरोब्बर त्याच्या मधात जाऊन पडलेला रबरी बेडूक. मंग मरळ दोन्ही हातात धरून तो दात काढून राह्यला. खाली लिहिलं होतं, 'आपला खास कोपरा.' आपला!

मी फोन लावला. "काहून केलं रे?"

"अबे, मासोळीच तं होती. एवढं काय मनावर घेतं? तू बी तं खाल्ली ना चवीनं."

इतक्या वर्षांचा सोबती, अन् शप्पत माह्याच गळ्याची खाल्ली होती. फोन बंद केला, तसाच तलावावर गेलो अन् कयाक त्या कोपऱ्यात नेली.

घोळका होता, पण विरळ झालेला. खालून मासोळी येई, पाणी फुटे, अन् तेवढ्या जागची पिलं नाहीशी होत. मी वल्हं आपटून त्या मासोळ्या हाकलल्या. इकडून हाकललं का तिकडून येत. तोंडानं शिव्या चालू होत्या, त्याले अन् मासोळ्यायले, सगळ्यायले. शेवटी दमून वल्हं मांडीवर घेतलं अन् बसून राह्यलो.

थोड्या वेळानं पिलं सरकत सरकत कयाकच्या सावलीत आली अन् तिथंच थांबली. वर कोणीतरी मोठं राखण करून राह्यलं, एवढंच त्यायले समजलं असंल.

त्यायची माय माह्या पोटात होती.